खड्ड्याला भोक नसते

संपादकांची मागणी साधी होती: थंड देशातल्या एखाद्या फुलझाडावर लिहा. प्रस्तुत लेखिकेने लगेच होकार दिला. पण पंचवीस वर्षे इंग्लंडमधल्या बागांची माती तपासल्यावर नजर फुलावर ठरत नाही, ती खाली मुळांकडे जाते. त्यात गेल्या मार्चमध्ये हॅरोच्या एका परसात जे उकरून पाहिले, ते अजून मनातून गेलेले नाही.

घर मूळच्या संगमनेरकडच्या एका काकूंचे. त्यांनी आदल्या जूनमध्ये काटक फुशियाचे रोप लावले होते. जातही चांगली होती, स्कॉटलंडमधली जुनी ‘रिकार्टोनी’. लावताना त्यांनी फोन केला तेव्हा लेखिकेने नेहमीचा सल्ला दिला: कुंडीत होते त्यापेक्षा ५ सेंटिमीटर खोल लावा. थंडीने वरच्या फांद्या करपल्या तरी जमिनीखालचे डोळे जिवंत राहतात आणि वसंतात तिथून नवे फुटवे येतात. सल्ला पुस्तकी होता आणि बरोबरही. चूक एवढीच की माती न पाहता दिला.

हिवाळा सौम्य गेला. तरीही मार्चअखेर फुटव्याचा पत्ता नव्हता. फावडे घातले तेव्हा सडक्या अंड्यांचा वास आला. माती निळसर करडी पडली होती आणि मुळांची साल बोटाने निघत होती. मातीतला प्राणवायू संपला की तिथले जिवाणू लोहाचा आणि गंधकाचा आधार घेतात. तो रंग आणि तो वास त्यातूनच येतात. थंडीने मेलेल्या झाडाखाली असे काही सापडत नाही. हे झाड बुडून मेले होते.

“अगं, मी तर खाली वीतभर खडी घातली होती,” काकू म्हणाल्या. “वर महागाचं पोत्यातलं खत. अजून काय करायला हवं होतं?”

या खडीबद्दल थोडे सविस्तर लिहायलाच हवे. खाली खडी घातली की पाण्याचा निचरा होतो, ही समजूत माळीकामातल्या कुठल्याही समजुतीपेक्षा चिवट आहे. पाणी बारीक छिद्रांच्या मातीतून मोठ्या फटींच्या खडीत सहज उतरत नाही. बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात. वरचा थर जवळजवळ पूर्ण भरला की मगच थेंब खाली सुटतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या, भिजवा आणि आडवा धरा. गळणे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, वाढली फक्त उंची. मातीचेही असेच आहे: तळाशी ओला राहणारा पट्टा जवळपास तेवढाच असतो, म्हणून मातीचा थर जितका उंच, तितकी वरच्या मुळांना हवा जास्त. कुंडीतल्या खडीबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. मिश्रण कोणते, खडी केवढी, यावर बरेच ठरते. पण कुंडीला तळाशी भोक असते. खड्ड्याला नसते. हॅरोखाली लंडन क्ले नावाची घट्ट चिकणमाती आहे. तिच्यात खड्डा खणून पोकळ, पाणी शोषणारे खत भरले म्हणजे जमिनीत हौद बांधला. आजूबाजूचे पाणी तिथेच येऊन साचते. खडीच्या फटी आधी भरतात आणि मग पाणी मुळांशी चढते.

थोडी वाळू मिसळून चिकणमाती सुधारते, असेही लोक सांगतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. दोन-चार घमेली वाळू त्यात बुडून जाते. फरक पडायचा तर वाळू इतकी घालावी लागते की बागेतली माती बदलल्यासारखेच होते. त्यापेक्षा कुजलेला पालापाचोळा दरवर्षी वरून पसरावा. गांडुळे तो खाली नेतात आणि मातीचे रवाळ कण बनतात. याला वर्षे लागतात, आणि इथेच माणसे कंटाळतात. दुकानातले पोते एका दुपारी रिकामे होते, म्हणून तेच आवडते.

मुळात हे झाड येते कुठून? फुशिया हे नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच पाद्र्याने १७०३ मध्ये छापले, लेओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. पण त्याला कॅरिबियनमध्ये सापडलेली जात उबेतली, तिला हिमतुषार सोसत नाही. बहुतेक काटक वाणांच्या रक्तात दक्षिण चिली आणि अर्जेंटिनातली ‘मॅगेलानिका’ आहे. तिकडे ती ओढ्यांच्या काठी आणि ओल्या रानांच्या कडेला वाढते. दक्षिण चिलीत ज्वालामुखीच्या राखेची माती असते, तिला तिथे त्रुमाओ म्हणतात. हातात घेतली तर हलकी, भुसभुशीत. पाणी भरपूर धरते, तरी हवेला जागा ठेवते.

ओलावाही हवा आणि हवाही. याला मराठीत शब्द आहे: वाफसा. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकताना तो इतका रोजचा होता की त्याची किंमत कळली नाही. इंग्रजी पुस्तके ‘ओलसर पण निचऱ्याची’ असे लिहितात, आणि गिऱ्हाइकाला ते परस्परविरोधी वाटते. काळ्या रानात नांगर कधी घालायचा हे जाणणाऱ्या शेतकऱ्याला ते समजावावे लागत नाही. आम्लतेबद्दलही उगाच भीती आहे. रोडोडेंड्रॉनसारखा फुशिया हट्टी नाही. सामू ६ ते ७ असला तरी तो सुखात असतो.

आयर्लंडमध्ये केरी परगण्यातल्या डिंगलच्या रस्त्यांवर ऑगस्टमध्ये गेलेल्यांनी मैलोन्‌मैल लाल फुशियाची कुंपणे पाहिली असतील. आयरिश भाषेत त्या फुलाला ‘देवाचे अश्रू’ म्हणतात. झाड तिथले मूळचे नाही, पाऊस मात्र मुबलक. तरी ते कुजत नाही, कारण पुष्कळ कुंपणे दगडमातीच्या उंच बांधांवर आहेत. उभा धरलेला स्पंजच तो.

दरवर्षी कुणीतरी विचारते, फांदी पुण्याला नेऊ का? नेऊ नका. एप्रिलच्या उन्हापुढे कोणतीही माती या झाडाला वाचवू शकत नाही.

काकूंच्या परसात एप्रिलमध्ये आधी ३० सेंटिमीटरचा खड्डा खणून त्यात दोनदा पाणी ओतले. दुसऱ्यांदा ओतलेले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारीही तळाला होते. तो खड्डा बुजवला. त्यांचीच माती आणि पानांचे जुने खत मिसळून गुडघ्याच्या थोडा खाली येईल असा रुंद बांध घातला, खाली खडी नाही. मेअखेर नवे ‘रिकार्टोनी’ लावले, पुन्हा ५ सेंटिमीटर खोलच. पण या वेळी ते खोलपण बांधाच्या माथ्यावरचे. वाळलेल्या फांद्या हिवाळ्यात छाटायच्या नाहीत, वसंतापर्यंत तशाच ठेवायच्या, हे काकूंनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

हे लिहिताना ऑगस्ट संपतोय. झाड फुलले आहे, पण परीक्षा जानेवारीतल्या पावसात आहे. काल काकूंनी फुलांऐवजी मातीचा फोटो पाठवला: मुठीत दाबलेला गोळा, आणि बोट लावल्यावर फुटलेला.