भेंडीबाजार : वाढीव मजल्यांचा हिशेब

सँडहर्स्ट रोड स्थानकावर उतरून पायीच भेंडीबाजारात गेलो. अत्तर, टोप्या आणि सुकामेव्याच्या दुकानांतून वाट काढत गल्लीत शिरलो, तोच रौदत ताहेराचा पांढरा घुमट दिसला. त्याच्या आसपास एका बाजूला टेकू दिलेल्या चाळी, तर दुसऱ्या बाजूला मान वर करून पाहावे लागेल असे मनोरे.

दूरच्या नात्यातल्या एका खाला अशाच मनोऱ्यात राहायला गेल्या आहेत. पूर्वी त्यांची एकच खोली होती आणि संडास गॅलरीच्या टोकाला. "बेटा, आता नळ घरात, संडास घरात. रात्री उठायची भीती नाही," त्या म्हणाल्या.

हे घर त्यांना फुकट कसे मिळाले? उत्तर 'एफएसआय'मध्ये आहे. हजार फुटांच्या जागेवर हजार फूट बांधकाम करता आले, तर एफएसआय १. मुंबई शहरात तो मुळात १.३३ होता. २००९ च्या समूह पुनर्विकास नियमाने तो ४ पर्यंत नेता येऊ लागला. त्याच वर्षी सैयदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ट्रस्टने इथली १६.५ एकर जागा आणि सुमारे २५० इमारती नव्याने बांधायला घेतल्या. वाढीव मजल्यांवरची घरे विकायची आणि त्या पैशातून जुन्या भाडेकरूंना घर द्यायचे, असा हा व्यवहार.

असे प्रस्ताव पालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समिती तपासते. त्या तपासणीला महत्त्व आहे. मजले वाढले की पाणी, गटार आणि गाड्या यांचाही भार वाढतो. अग्निशमन बंब गल्लीत वळेल का? शेजारच्या चाळीत ऊन पोहोचेल का? शेजाऱ्याचा हक्क नकाशावरही पाहायला हवा.

पण उशिराचीही किंमत असते. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी इथल्याच पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ती पुनर्विकासात होती. काही कुटुंबे हलली होती, काही राहिली होती. बकरी ईद दोन दिवसांवर असताना ३० हून अधिक माणसे गेली. त्या जागेजवळून जाताना पाय आपोआप थबकतात.

तुमच्या इमारतीपुढेही उद्या संमतीचा कागद येईल. सहीपूर्वी चार गोष्टी लेखी मागा : चटई क्षेत्र किती, मधल्या काळात राहायची सोय कुठे, ताबा कधी आणि दरमहा देखभाल खर्च किती. घर फुकट मिळाले, तरी लिफ्टचे बिल दर महिन्याला येते.

निघताना खालांना विचारले, "जुन्या घराची आठवण येते का?"

"गॅलरीची येते," त्या हसल्या. "शेजारीण तिथूनच हाक मारायची. आता मी लिफ्टने तिच्याकडे जाते. जायचे मात्र सोडले नाही."