शिंग्रोबाचं नाणं

वीकेंडला कर्जत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फार्महाऊस, धबधबे आणि स्टेशनवरचा गरमागरम वडा! माझ्याही. पण यावेळी माझ्या पर्समध्ये दोन रुपयांचं एक नाणं होतं आणि त्यानं सगळी ट्रिपच बदलून टाकली.

झालं असं, की नवी गाडी घेऊन मी पहिल्यांदाच एकटी पुण्याला निघाले होते. बाबांनी तीस वर्षं मुंबई-पुणे ट्रक चालवला. आता नजर साथ देत नाही, म्हणून स्टीअरिंग सुटलंय. निघताना त्यांनी नाणं हातात ठेवलं. 'जुन्या घाटानं जा. शिंग्रोबाला टाक.' आईनं तोवर बंपरला लिंबू-मिरची बांधलीसुद्धा! कॉलेजच्या मासिकात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची बाजू घेऊन लेख लिहिणारी मी, गुपचूप गाडीत बसले.

मुद्दाम वाट वाकडी करून कर्जतला वडा खाल्ला आणि चौकमार्गे जुना हायवे पकडला. खालापूर तालुक्यातलं महड म्हणजे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं गाव. देवळाबाहेर दूर्वांच्या एकवीस काड्यांची जुडी घेतली. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली आणि ती दूर्वांनी शमली, अशी कथा. म्हणजे दाहावर गारवा! लिंबू-मिरचीचं लॉजिकही असंच. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं, ते दारातच मिळालं की ती आत येत नाही, असं मानतात. भीतीला हातात धरता येईल असं काहीतरी द्यायचं, बस्स.

खोपोली सोडली आणि घाट सुरू झाला. इंग्रजांना बोरघाटातली वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि काम झाल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली, अशी इथली लोककथा. 1863 मध्ये या घाटातून रेल्वे धावू लागली. वाट दाखवणाऱ्याचं मात्र रस्त्याकडेला छोटंसं देऊळ राहिलं. ट्रक-टेम्पोवाले जाता जाता तिथे नाणं टाकतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा नवस नव्हेच, ही तर उधारी! रस्ता वापरतोय, तर ज्यानं दाखवला त्याला आठवायचं.

मी गाडी सुरक्षित जागी लावली, चालत गेले आणि नाणं ठेवलं. मग बाबांना फोन केला. 'तुम्ही खरंच मानता हे?'

ते हसले. 'अगं, नाणं काढायचं म्हणजे गाडी स्लो करावी लागते. स्लो केली की पुढचं वळण दिसतं. तीस वर्षं घरी आलो ना?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात पोचल्यावर लिंबू-मिरची काढायला गेले, पण हात थांबला. आता दर शनिवारी आई नवी बांधते आणि मी बांधू देते. घाटात मात्र मी चाळीसच्या वर जात नाही.

कसं जाल? मध्य रेल्वेच्या लोकलनं कर्जत किंवा खोपोली. महड खोपोलीपासून जवळच आहे. शिंग्रोबाचं देऊळ खोपोली-खंडाळा जुन्या घाटात लागतं. गाडी वळणावर उभी करू नका आणि सुटे पैसे न्यायला विसरू नका!