भाजीतली वाईन आणि भाजीतली गोळी

"डॉक्टर, वाईन घालून केलेली भाजी लहान पोरांना चालती का वो?"

मागच्या आठवड्यात एका आईनं हे विचारलं. हातात मोबाईल, मोबाईलवर कुणीतरी पसरट तव्यात मशरूम परतत होतं आणि वरून बाटली रिकामी करत होतं. तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी हसून म्हणालो असतो, "उकळलं की सगळं उडून जातं, काही होत नाही." हेच उत्तर मी एकदा माझ्याच घरी दिलं होतं. ते चुकीचं होतं, आणि त्याची किंमत आमच्या थोरल्या दादांनी मोजली.

दादा म्हणजे माझे चुलत भाऊ. वर्षानुवर्षं पीत होते. कावीळ झाली, दवाखान्यात पडले आणि मग मनावर घेऊन दारू सोडली. दीड वर्ष थेंब नाही. आम्हा सगळ्यांना त्यांचा अभिमान वाटायचा.

त्या रविवारी माधवनगरला आमच्या घरी सगळे जेवायला होते. हॉटेल मॅनेजमेंट शिकणारी भाची नाशिकहून आली होती, येताना व्हाईट वाईनची बाटली घेऊन. "मामा, आज तोंडीलावणं माझ्याकडे." अर्धा किलो मशरूम, लसूण, मिरपूड आणि वाटीभर वाईन. माझी बायको म्हणाली, "अहो, दादा आहेत जेवायला." मी डॉक्टरकीच्या थाटात सांगितलं, "अगं, अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, पाणी १०० ला. भाजी शिजेपर्यंत काही उरत नाही." दादांना कुणी काही सांगितलं नाही. उगाच कशाला आठवण करून द्यायची, असं वाटलं.

दादांना भाजी आवडली. दोनदा घेतली. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली. डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली, उलटी झाली. नाडी ११८, रक्तदाब ९६/६०. मला आधी हार्ट अटॅकची भीती वाटली. खाली दवाखान्यात नेऊन ईसीजी काढला, तो ठीक होता. सलाईन लावत होतो तेव्हा वहिनी दाराशी उभ्या राहून रडायला लागल्या.

"भाऊजी, माझंच चुकलं. लगीनसराई आली, मित्र ओढून नेतील म्हणून भीती वाटली. आठ दिवस झाले, मी यांच्या भाजीत दारू सोडायची गोळी घालतेय. यांना माहीत नाही."

एकाच ताटात दोन गुपितं होती. एक माझं, एक वहिनींचं.

ही गोळी काय करते?

गोळीचं नाव डायसल्फिराम. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये दोन डॅनिश संशोधक हे औषध जंतांवर चालतं का ते पाहत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, आणि नंतर दारू घेतल्यावर दोघांनाही त्रास झाला. त्यातून हे औषध व्यसनमुक्तीच्या उपचारात आलं.

आपलं यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाईड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग तो पदार्थही मोडून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी बंद पाडते. विष साठतं आणि चेहरा लाल होणं, डोकेदुखी, उलटी, धडधड, रक्तदाब उतरणं असा त्रास होतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या ते जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केली तरी हा परिणाम १४ दिवसांपर्यंत टिकू शकतो.

मग वाईन उडून का गेली नाही?

कारण अल्कोहोल आणि पाणी एकमेकांत पूर्ण मिसळलेले असतात. ७८ अंश आले की अल्कोहोल उठून निघून गेलं आणि पाणी मागे राहिलं, असं होत नाही. दोन्ही मिळून हळूहळू वाफ होतात. अमेरिकेत १९९२ मध्ये हे मोजलं गेलं. उकळत्या पदार्थात दारू घालून गॅस बंद केला तर सुमारे ८५ टक्के अल्कोहोल उरतं. १५ मिनिटं मंद शिजवलं तर ४० टक्के, अर्ध्या तासानं ३५, एका तासानं २५, अडीच तासांनी ५ टक्के. ज्वाळा उठवून दाखवतात त्या पदार्थातही सुमारे ७५ टक्के शिल्लक राहतं.

भांड्यावरही अवलंबून असतं. गुऱ्हाळातली काहील रुंद का असते? रस लवकर आटावा म्हणून. तसंच इथेही: पसरट कढईत जास्त उडतं, झाकण ठेवलं की कमी. मांस तास-दोन तास शिजतं. मशरूम, कोबी, फरसबी दहा-पंधरा मिनिटांत होतात. म्हणून भाजीतच अल्कोहोल जास्त राहण्याचा संभव.

आमचा हिशोब सांगतो. २०० मिली वाईनमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलीच्या दोन पेगांइतकं. पंधरा मिनिटांनी उरलं ८ ग्रॅम. सहा माणसांत वाटलं तर प्रत्येकी सव्वा ग्रॅमच्या आसपास. दादांनी दोनदा घेतलं. निरोगी मोठ्या माणसाला हे कळणारही नाही. गोळी पोटात असलेल्याला मात्र तेवढं पुरतं.

वाईन म्हणजे दारू का?

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकण्याच्या निर्णयावरून राज्यभर हाच वाद झाला. आपला जिल्हा द्राक्षांचा, पलूसला तर वाईन पार्कच केलेला, त्यामुळे इथे चर्चा जास्तच. शेतकऱ्याच्या फायद्या-तोट्याचं मी बोलणार नाही. यकृताचं उत्तर सोपं आहे: बिअर, वाईन, देशी, सगळ्यांत तेच इथेनॉल, फक्त प्रमाण वेगळं.

कुणी टाळावं?

दारू सोडलेल्यांनी, मग गोळी चालू असो वा नसो. नुसत्या वासानं आणि चवीनंही जुनी ओढ जागी होऊ शकते. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि यकृताचे रुग्ण यांनीही टाळावं. जुलाबासाठी किंवा दातांच्या दुखण्यासाठी मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल चालू असेल तर औषध संपल्यावरही तीन दिवस अल्कोहोल नको. डायसल्फिराम घेणाऱ्यांनी द्राक्षासव आणि इतर आसव-अरिष्टं, काही खोकल्याची औषधं, माऊथवॉश यांच्या बाटल्याही वाचाव्यात. त्यांतही अल्कोहोल असतं.

आणि लपवून दिलेली गोळी?

"डॉक्टर, त्यांना न कळता भाजीत घालायची गोळी द्या," असं महिन्यातून एखादी तरी माऊली मला म्हणते. तिचं दुःख मला समजतं. पण ही गोळी माणसाला सांगितल्याशिवाय कधीही द्यायची नाही. ज्याला माहीतच नाही तो सावध कसा राहणार? शिवाय ती यकृताला त्रास देऊ शकते, म्हणून आधी तपासण्या लागतात. दादांचं यकृत आधीच दुखावलेलं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी नंतर स्पष्ट सांगितलं की त्यांना ही गोळी द्यायलाच नको होती.

दादा एक रात्र सांगलीला हॉस्पिटलात राहून बरे झाले. शरीर दोन दिवसांत सावरलं, मन सावरायला वेळ लागला. वहिनींना ते एवढंच म्हणाले, "दीड वर्ष मी स्वतः थांबलो होतो. ते तुला पुरलं नाही होय?" मला काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं. महिनाभरानंतर दोघं मिळून समुपदेशनाला जायला लागले, अजूनही जातात.

भाचीनंही हार मानली नाही. वाईन भाजीला मुख्यतः आंबटपणा आणि थोडा गोडवा देते, तो आपल्याकडे आहेच. आता ती तासगावचे मूठभर बेदाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वाटते. मशरूम मोठ्या आचेवर पसरट कढईत पाणी आटेपर्यंत परतते, मग लसूण, मिरपूड, बेदाण्याचं वाटण आणि शेवटी अर्धं लिंबू. कोबीला लिंबाऐवजी आमसूल छान लागतं. मधुमेह असेल तर बेदाणे आठ-दहाच घ्या, त्यात बहुतांश साखरच असते.

वाढताना ती आता भाजीत काय काय आहे ते सांगते. दादा ऐकून घेतात आणि मगच घास उचलतात.

त्या आईला मी सांगितलं, "मुलांना नको. आणि पाहुण्यांसाठी कधी केलीत, तर पहिला घास घ्यायच्या आधी सगळ्यांना सांगा."