तळाशी चार बोटं

दिवाळीच्या आधी आमच्या चाळीत कुणाकडे काय चाललंय ते नाकानंच कळायचं. खोबरं-खसखस भाजल्याचा वास आला की करंज्यांचं सारण. तुपाचा, जरासा आंबूस वास आला की अनारसे. चकली तर जिन्यातच गाठायची. दिवाळी सरली की मात्र आठवडाभर साऱ्या गॅलरीत एकच वास, तळणीच्या तेलात घातलेल्या फोडण्यांचा. वांग्याच्या भाजीला शेवेचा वास, पिठल्याला चकलीचा. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, भाऊबिजेनंतरच्या मटकीच्या उसळीत ओवा न घालता ओवा लागायचा की नाही.

हल्ली मला कुणी विचारतं, वापरलेल्या तेलाची विल्हेवाट कशी लावता? त्या शब्दापाशीच मी अडखळते. विल्हेवाट भंगाराची लावायची, जुन्या गाद्यांची लावायची. तेल आपलं संपायचं. कुठल्या दिवशी, कशात संपलं ते सांगता येऊ नये इतकं हळूहळू.

आमच्या घरी या सगळ्याचा ताबा माईकडे, म्हणजे आजीकडे. माई सोलापूरकडची. तिच्या माहेरी शेतातली करडई घाण्यावर द्यायची, तेल घरी आणायचं, पेंड गोठ्यात जायची. लग्न होऊन दादरच्या दोन खोल्यांत आली आणि तेल बाटलीतून आणायची वेळ आली. 'विकतचं तेल' हे शब्द ती 'विकतचं पाणी' म्हणावं तशा सुरात म्हणायची. विकतचं पाणी बघायला ती राहिली नाही, ते बरंच झालं.

फराळाचं तळण माईच्या क्रमानंच व्हायचं. आधी पांढरं, मग पिवळं, शेवटी तांबडं. पांढरं म्हणजे करंज्या, चिरोटे, शंकरपाळे. ताज्या तेलात तळले तरच त्यांचा रंग राहतो. मग शेव. बेसनाचा भुगा तळाशी बसायला लागला की तेल एकदा गाळून घ्यायचं. शेवटी तिखट-हळदीच्या चकल्या आणि कडबोळी. अनारसे तुपातले, त्यांची कढई वेगळी. एखादा अनारसा हसला, म्हणजे तुपात पडताच फुटून विखुरला, की सगळ्या तुपात खसखस आणि चुरा पसरायचा. आई रडवेली व्हायची. आम्ही पोरं मात्र तो कधी हसतोय याचीच वाट बघायचो, कारण झाऱ्यावर गोळा केलेला चुरा आमचा.

तळण आटोपलं की कढई झाकून रात्रभर तशीच. सकाळी माई जुन्या धोतराचं मऊ फडकं दुहेरी करून पितळी भांड्यावर बांधायची आणि पळी-पळीनं तेल ओतायची. घाई केलेली तिला खपायची नाही. गाळ हलला की संपलं. कढईच्या बुडाशी दोन पळ्या तेल आणि काळपट तपकिरी, रवाळ गाळ उरला की ती थांबायची. तो गाळ आमटीत जायचा. कढईला लागलेलं तेल मूठभर कणकेनं पुसून काढायचं आणि ती कणीक त्या दिवशीच्या पोळ्यांत मळायची. एवढं झाल्यावर कढई राखेनं घासायला घेतली तर तिला फारसं काही लागलेलंच नसायचं. मोरीत तेलाचा थेंब जाऊ नये म्हणून हे चाललेलं नव्हतं. पोळीत जावा म्हणून चाललेलं होतं.

गाळलेलं तेल वेगळ्या बरणीत. त्यात पुन्हा तळायचं नाही, फार तर एकदा कांदाभजी. तिथून त्याची उतरंड सुरू व्हायची. पहिल्यांदा फोडणीला, तीसुद्धा लसूण-मिरचीच्या उग्र भाज्यांना, अंबाडीला, वांग्याला. मुगाच्या वरणाला नाही. मग थालीपिठाच्या कडेनं सोडायला. मग तव्याला, विळीच्या पात्याला, दाराच्या बिजागऱ्यांना, पावसाळ्यात ट्रंकेच्या कुलपाला. एकदा बाबांनी नव्या कोल्हापुरी वहाणांना तेच तेल चोळलं. दोन दिवस गल्लीतली कुत्री त्यांच्या पायाशी घोटाळत होती.

देवाला मात्र ते चालायचं नाही. ज्यातून आपण खाल्लं ते देवापुढे जाळायचं नाही, मग तेल कितीही महाग असो. दर शनिवारी शनिमहाराजांची पत्र्याची मूर्ती तेलाच्या बादलीत उभी करून एक माणूस दारोदार फिरायचा. शेजारच्या काकूंनी एकदा त्या बादलीत तळणीचं तेल ओतलं. माईनं गॅलरीतून बघितलं. म्हणाली, "अहो, साडेसाती टळावी म्हणून घालताय की यावी म्हणून?" काकू महिनाभर बोलत नव्हत्या.

उंबऱ्याबाहेरच्या पणत्यांना ही बंदी नव्हती. तेल उरलंच तर तुळशीच्या लग्नाला गॅलरीच्या कठड्यावरच्या पणत्यांत पडायचं. जरा धुरकट जळायचं आणि कठडाभर शेवेचा वास सुटायचा.

ही चिकाटी संस्कारातून आलेली, असं म्हणायचा मोह होतो, पण ती टंचाईतून आलेली होती. १९७२च्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षं तेल, साखर, रॉकेल असं सगळंच रांगेत उभं राहून. रेशनवरचं पामतेल सणाला थोडं जादा मिळायचं. थंडीत ते बाटलीत दाटून यायचं आणि बाटली गरम पाण्यात उभी करावी लागायची. पोस्टमन तेलाचा डबा ज्याच्या घरी, त्याचं बरं चाललंय असं समजायचं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं लाटणं मोर्चे काढले ते याच दिवसांत. कधी मोर्चात न गेलेली आई त्यातल्या एका मोर्चाला गेली. थाळी आणि लाटणं पिशवीत घालून गेली आणि घसा बसवून परत आली. थाळीला पोचे पडले होते, लाटण्याचा एका बाजूचा टवका उडाला होता. तेल मागायला गेलेलं ते लाटणं माईनं निरखून बघितलं आणि काही न बोलता बरणीत बोटं बुडवून त्यावरून तळणीच्या तेलाचा हात फिरवला. ते लाटणं अजून माझ्याकडे आहे. टवका तसाच आहे.

दर महिन्याला लोणी कढवलं की तूप काढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाला बेरी राहायची. साखर घालून ती आम्हा भावंडांत चमच्यानं मोजून वाटली जायची. मग गरम भात त्या पातेल्यातच कालवायचा. तो ज्याच्या वाट्याला येई, त्यानं पातेलं धुवायचं. धुवायला काही उरत नसे, म्हणून ती शिक्षा कुणाला शिक्षा वाटली नाही.

टाकायचा प्रसंग आमच्या घरी एकदाच आला, १९८३ साली. परदेशातून आणलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली जाते आहे अशा बातम्या पेपरात आल्या आणि घराघरांत खळबळ उडाली. आमच्याकडे दिवाळीसाठी आणलेला डबा होता, निम्म्याहून जास्त भरलेला. त्यात भेसळ होती की नव्हती, देव जाणे. माईनं त्याला हात लावायचंही सोडलं. "हे घरात नको," एवढंच म्हणाली. बाहेर कुठे, ते मात्र कुणालाच सुचेना. कचऱ्यात टाकावं तर कुणीतरी उचलून नेणार. कुणाला द्यावं तर, आपल्याला नको ते दुसऱ्याच्या पोटात कसं घालायचं, हा माईचा सवाल. बाबा म्हणाले, चौपाटी जवळ आहे, समुद्रात सोडू. त्यावर माईनं त्यांच्याकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला.

मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते आणि मला सगळं कळत होतं. रात्री सगळे निजल्यावर मी डबा स्टोव्हवर ठेवला, तूप पातळ केलं आणि मोरीत ओतलं. वर बादलीभर पाणी. वनस्पती तूप अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतं, आणि रात्री दोन वाजता मोरीच्या पाइपाची उष्णता त्याहून बरीच कमी असते, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सकाळी आमच्या मोरीत पाणी तुंबलं. नऊ वाजेपर्यंत खालच्या मजल्यावरही तुंबलं. एका माणसानं बांबूची कामटी घालून हातभर लांबीची पांढरी वळकटी ओढून काढली, अगदी लोण्यासारखी. पाइपाभोवती सारी चाळ जमलेली. तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "कुणाकडे एवढं तूप वर आलंय?" मी खोलीत, दाराआड. माईनं आयुष्यभर मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. पुढे मी रसायनशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवली, तेव्हा पेढा हातात घेऊन फक्त म्हणाली, "पाइपाचं विचारलं नाही वाटतं पेपरात?"

पुढे आईच्या महिला मंडळात साबण करायची टूम निघाली आणि रसायनशास्त्राची अब्रू थोडी सावरली. किलोभर शेंगदाणा तेलाला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही, आणि दूर उभं राहायचं, एवढं मी बजावलं. चार घरांचं दिवाळीनंतरचं तेल गोळा केलं. तपकिरी वड्या पडल्या, कपडेही बरे निघाले. पण बाबांच्या ऑफिसच्या सदऱ्याला घाम आला की चकलीचा वास यायचा. प्रयोग दोन दिवाळ्या टिकला.

हे ऐकून कुणी 'त्या काळची शहाणी काटकसर' वगैरे म्हणायला लागलं की माझ्या घशाशी येतं. अगदी खरोखरचं, जळजळीसारखं. बाबांना ती जळजळ जन्मभर होती. उशाशी सोड्याचा डबा असायचा आणि त्या कांदाभज्यांचा संबंध कुणी जोडला नाही. चाळीखालच्या भजीवाल्याचं तेल तर मी शाळेत होते तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत बदललेलं कुणी पाहिलं नाही. त्यात रोज नवं ओतलं जायचं, इतकंच. आम्ही ते आवडीनं खाल्लं.

माझी भाची अन्नतंत्रज्ञान शिकली आहे. तेल पुन्हापुन्हा तापलं, पदार्थातल्या पाण्याशी आणि हवेशी झगडलं की ते तुटत जातं आणि त्यातली ध्रुवीय संयुगं वाढतात, असं ती सांगते. १ जुलै २०१८पासून आपल्याकडे त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, त्यापुढचं तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही. तिच्याकडे तेलात बुडवून आकडा दाखवणारं यंत्र आहे. माईकडे नव्हतं. पण फेस वर आला आणि बसेना झाला की ती म्हणायची, "तेलाचं वय झालं." भाची म्हणते, फेस हे त्या तुटलेल्या तेलाचंच लक्षण, आजीची परीक्षा ढोबळ होती पण चुकीची नव्हती. मग वय झालेलं तेल आम्ही फोडणीला का घालत होतो? याला माईकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते रेशनच्या रांगेतलं होतं.

मी आता ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. पाच लिटरचा कॅन घरपोच येतो, कुणी विचारत नाही किती संपलं. गेल्या वर्षी आमच्या विंगेतले सगळे सिंक तुंबले. प्लंबरनं ओढून काढलेली वस्तू बघताच मी ओळखली, फक्त या वेळी ती राखाडी आणि टणक होती. म्हणाला, "ताई, आत साबणच तयार झालाय." बरोबरच होतं त्याचं. टाकलेलं तेल-तूप नळीत कुजून त्याचं स्निग्धाम्ल होतं, त्याला पाण्यातलं कॅल्शियम मिळतं आणि साबणाचा दगड होतो. सभेत सगळे एकमेकांकडे बघत होते. मी खाली मान घालून बसले होते. या वेळी निर्दोष असूनही जुनी सवय.

त्यानंतर सोसायटीनं वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याला बोलवायचं ठरवलं. त्या तेलाचं बायोडिझेल करतात. भाचीनं यावरही भर घातली. १९००मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलच्या इंजिनाचा एक नमुना शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवला होता म्हणे. माईला हे सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, ताज्या की तळणीच्या?

दिवाळीनंतरच्या रविवारी तो मुलगा आला. खांद्याला झोळी, हातात तागडीऐवजी काट्याचा हूक. मी बाटली काढली. पांढरं आधी, मग पिवळं, मग तांबडं, रात्रभर निवळत ठेवून, धोतराच्या जागी जुन्या ओढणीतून गाळलेलं. फोडणीला घातलं नव्हतं, भाचीची शपथ. कढई मात्र कणकेनं पुसली होती.

त्यानं बाटली हुकाला लावली, आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं.

"काकू, एवढंच?"

"एवढंच."

"बाकीचं कुठं गेलं?"

काय सांगणार. चकल्या तेल पितात, मी म्हटलं. तो हसला. मी दोन चकल्या हातावर ठेवल्या, त्या त्यानं उभ्याउभ्या खाल्ल्या आणि बाटली परत दिली. "पाच लिटर झालं की फोन करा. इतक्यासाठी जिना परवडत नाही."

बाटली ओट्याखाली आहे. तळाशी चार बोटं.