पडताळून पाहा
अकलूजच्या आमच्या विहारातील संगणकात दानात मिळालेली रॅमची जादा पट्टी बसवली आणि तो सुरूच होईना. पंखा फिरे, स्क्रीन काळी. मुलांच्या शिष्यवृत्ती अर्जांची मुदत संपत आलेली. एक दुकानदार न उघडताच म्हणाला, "मदरबोर्ड गेला." तथागतांनी कालामांना सांगितले होते, कोणी म्हणतो म्हणून मानू नका. आम्ही वीज तोडून नवी पट्टी काढली. संगणक सुरू झाला. म्हणजे मदरबोर्ड शाबूत! पुन्हा वीज तोडली, पट्टीची सोनेरी कड खोडरबराने पुसली, खाच जुळवून खटका लागेपर्यंत दाबली. स्क्रीन उजळली. सगळे अर्ज वेळेत गेले. १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या लेकरांचा हक्क आहे. बंधुभगिनींनो, यंत्राच्या धास्तीने तो बुडू देऊ नका. जयभीम!