शिडी आणि पदवी

प्रोग्रॅमर होण्यासाठी महाविद्यालयीन पदवी आवश्यक आहे काय, हा प्रश्न बहुधा पुणे किंवा बंगळूर डोळ्यांपुढे ठेवून विचारला जातो. तोच प्रश्न सिलतऱ्यात विचारला, तर त्याचे स्वरूप पालटते. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे औद्योगिक क्षेत्र स्पंज आयर्न, पोलाद आणि वीज यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. आज्ञावली लिहिणे हा येथे स्वतंत्र व्यवसाय म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण आज्ञावल्या सर्वत्र आहेत. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट किती सोडावे, हजार अंशांच्या आसपासचे तापमान कोठे चढू लागले आहे, कोणता पंखा केव्हा बंद करावा, यावर आता अशा भट्ट्यांत एक यंत्र लक्ष ठेवते. त्याचे नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कामगारांच्या बोलीत पीएलसी. रात्रपाळीत काही अडले, तर त्या यंत्रातील सूचना वाचून दोष शोधणारा माणूस पुष्कळदा आयटीआयमधून बाहेर पडलेला वीजतंत्री असतो.

हा योगायोग नव्हे. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या एका विभागाने रिलेंच्या गुंतागुंतीच्या जाळ्याला पर्याय मागितला. त्या मागणीतून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘मोडिकॉन ०८४’ हे यंत्र पुढे आले. त्याची भाषा कशी असावी, याचा निर्णय महत्त्वाचा होता. ती गणितज्ञांच्या चिन्हांत रचली गेली नाही. वीजतंत्री वर्षानुवर्षे वाचत आलेल्या रिलेच्या आराखड्यासारखी, दोन उभ्या रेषा आणि मधल्या आडव्या पायऱ्या अशी, ती आखली गेली. म्हणून तिला ‘लॅडर’, म्हणजे शिडी, हे नाव मिळाले. ज्याच्या हाती यंत्र राहणार, त्याच्या अक्षरज्ञानाला मान देणारी ही भाषा होती. तिच्यामुळे वीजतंत्री प्रोग्रॅमर झाला. मात्र त्याला प्रोग्रॅमर म्हणावे, असे कोणाला वाटले नाही.

नावाचा हा नकार या व्यवसायाला जन्मापासूनच परिचित आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५७ साली आपल्या विवाहनोंदणीच्या वेळी व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा सांगितला. असा व्यवसायच नाही, म्हणून ॲम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो स्वीकारला नाही आणि नोंद ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी झाली. म्हणजे आधी काम आले, नाव नंतर आले, आणि पदवी त्याहूनही नंतर. प्रथम पिढीतील प्रोग्रॅमर या विषयाचे पदवीधर असणे शक्यच नव्हते.

यावरून पदवी निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आणि तो काढणारे बहुधा पदवीधरच असतात. सिलतऱ्यापासून दूर नसलेल्या राजनांदगावचे एक उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध १९४३च्या ‘तार सप्तक’मध्ये कवी म्हणून प्रतिष्ठित झाले. एम.ए.ची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठातून त्यानंतर कित्येक वर्षांनी घेतली आणि १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते अध्यापक झाले. त्यांच्या कवितेला त्या पदवीने काही दिले, असे कोणी म्हणणार नाही. पण महाविद्यालयातील अध्यापकाची खुर्ची पदवीवाचून मिळण्यासारखी नव्हती. नोकऱ्यांच्या धरसोडीत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या खुर्चीने थोडी स्थिरता दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

सिलतऱ्याच्या वीजतंत्र्याची स्थिती याहून फारशी भिन्न नाही. भट्टी चालवण्यासाठी त्याला पदवी लागत नाही; भट्टी सोडून जाण्यासाठी लागते. ज्या कारखान्यात त्याचे कौशल्य सर्वांनी पाहिले आहे, तेथे तो आदरणीय असतो. फाटकाबाहेर त्याला कोणी ओळखत नाही, आणि तेथे कागद बोलतो. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या नियमांत महाविद्यालयातील एका वर्षाच्या जागी तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरला जातो. चार वर्षांच्या पदवीची भरपाई करायची, तर बारा वर्षे! अनुभवाला मान्यता आहे, पण तिचा भाव असा आहे.

पदवीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिडीची भाषा जाणणारा आपले यंत्र जाणतो. परंतु यंत्र पालटले, तर ते ज्या तत्त्वांवर उभे आहे, ती त्याला कोणी शिकवलेली नसतात. चांगले महाविद्यालय ही तत्त्वे शिकवते. वाईट महाविद्यालय केवळ कागद देते, आणि बाजार दोन्ही कागदांना प्रथमदर्शनी सारखेच मानतो. खरा अन्याय येथे आहे: तत्त्वे न शिकलेल्या पदवीधराला दार उघडते आणि काम जाणणाऱ्या वीजतंत्र्याला ते बंद राहते.

मधल्या वाटा अगदीच नाहीत, असे नाही. आयटीआयमध्ये दहावीनंतरचा एक वर्षाचा ‘कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट’ हा अभ्यासक्रम आहे. नाइलिट या केंद्रीय संस्थेच्या ‘ओ’ स्तरापासून चढत जाणाऱ्या परीक्षा आहेत. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी न सोडता शिकता येईल, हे या वाटांमागील आश्वासन आहे. पण पाळीची नोकरी करणाऱ्याला वेळ कोण देणार, आणि ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कारखाना त्याची जागा बदलणार काय, हे प्रश्न विद्यापीठाच्या हाती नाहीत.

म्हणून पदवी हवी की नको, हा वाद काहीसा पोकळ आहे. ज्याच्या घरी दुसरा आधार आहे, त्याने पदवी नाकारणे हे धाडस ठरते. ज्याच्या घरी नाही, त्याने तेच करणे म्हणजे एकाच भट्टीशी आयुष्य बांधून घेणे. पदवीची गरज नाही असे तरुणांना सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो आपल्या कारखान्यात किंवा कचेरीत पदवी नसलेल्याचे काम तपासून त्याला वरची जागा द्यायला तयार आहे. तोवर सिलतऱ्यातील बापाने पोराला महाविद्यालयात धाडण्यासाठी जादा पाळी करावी, यात अंधश्रद्धा नाही. पदवीने ज्ञान येतेच असे तो मानत नाही. बाहेरचे जग त्याला पुरते कळले आहे, एवढेच.