केडगावच्या विहिरी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की लोणी, उरुळी, यवत मागे पडतात आणि केडगाव येते. आजूबाजूला ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा धूर आणि हवेत गुळाचा वास. स्टेशनवर उतरणाऱ्यांपैकी काही जण नारायण महाराजांच्या बेटाकडे, दत्ताच्या दर्शनाला जातात. काही मात्र दुसरी वाट धरतात. ती वाट पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे जाते.

आजचा हिरवा पट्टा पाहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे केडगाव डोळ्यांपुढे येणे कठीण आहे. पावसाच्या भरवशावरचा हा मुलूख. रमाबाईंनी इथे जवळजवळ शंभर एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर शारदा सदन चालावे, असा विचार होता. पण बाग बहरण्याआधीच दुष्काळ आला.

दुष्काळ ही रमाबाईंना ऐकून माहीत असलेली गोष्ट नव्हती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. होते नव्हते ते दानधर्मात आणि तीर्थयात्रांत संपले होते. जंगलात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात सांगितले आहे. आई गेली तेव्हा खांदा द्यायला चौथे माणूस मिळेना. ठेंगण्या रमाबाईंचा खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. लहानपणापासूनची श्रद्धा त्या उपासमारीत ढासळत गेली, हेही त्यांनी लपवलेले नाही.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. अन्नावाचून एक श्रद्धा गमावलेल्या बाईची दुसरी श्रद्धा तशाच दिवसांत टिकेल का, या प्रश्नाचा कस लागला तो केडगावला.

१८९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती. इतक्या मुली शहरात ठेवणे शक्य नव्हते. मग केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. अंगावर धड कापड नाही, हाडांचे सापळे, वर दुखणी. कित्येक मुली वाचल्याच नाहीत. १८९८ मध्ये मुक्ती सदन सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या मदतनीसांनी दिलेली दहा वर्षांची हमी संपली. यापुढे ठरलेले उत्पन्न नाही. प्रार्थना करायची आणि येईल त्यात भागवायचे.

त्यानंतर गुजरातचा छप्पनचा दुष्काळ आला, म्हणजे १८९९-१९००. केडगावलाही पावसाने पाठ फिरवली होती, तरी माणसे वाढतच गेली. आकडा दोन हजारांच्या जवळ पोचला. दोन विहिरी आणि एवढी तोंडे! संध्याकाळी दोन्ही विहिरी तळाला जायच्या आणि सकाळी दिवसापुरते पाणी पुन्हा साठलेले असायचे, असे त्या वेळच्या वृत्तांतात नोंदलेले आहे. रात्रभर झरे पाझरले, असे कुणी म्हणेल. तिथल्या बायकांनी त्याला देवाची कृपा म्हटले. लक्षात घेण्याजोगे हे, की रमाबाई प्रार्थनेबरोबर नव्या विहिरीही खोदवून घेत होत्या. चर्चची पायाभरणी झाली तीही १८९९ मध्येच. क्रूसाच्या आकाराची ती भव्य वास्तू ऐन टंचाईत उभी राहू लागली.

भाकरीच्या आशेने धर्म बदलला, हा आरोप या वास्तूच्या भोवती सतत घोंगावत राहिला. धर्मांतराच्या वादातून १८९३ मध्येच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. हा वाद एका वाक्यात निकालात काढण्यासारखा नाही. पोट आणि श्रद्धा यांची सरमिसळ कुठे झाली, हे त्या मुलींनाही नेमके सांगता आले नसते. मात्र त्यांना नुसते बसवून खाऊ घातले नाही, एवढे खरे. विणकाम, तेलघाणा, शेती, धुलाई, छापखाना – प्रत्येकीच्या हाताला काम होते. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होते. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली होती. तिने ती लिपी इथे शिकवली.

रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्यात वर्षानुवर्षे गेली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, संस्थेचा पुढचा आधार. साठी ओलांडलेल्या, प्रकृतीने खचलेल्या रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. खिळे जुळवणे आणि छपाई आश्रमातल्या बायकाच करीत. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले.